गालातली निळी गाठ: हात लावण्याआधी तिचा प्रवाह ओळखा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी नऊ वर्षांची. उजवीकडे खालचा ओठ आणि गालाची आतली बाजू जन्मापासून निळसर, जराशी फुगीर. रडली, वाकली, तालमीत जोर मारले की फुगते. सकाळी उठल्यावर जास्त दिसते. वर्षभरात वाढल्यासारखी वाटते आणि मधूनच आत मसुरीएवढं टणक काहीतरी लागतं, ते दुखतं. एका डॉक्टरांनी ‘हिमँजिओमा’ म्हणून गोळ्या सुचवल्या, दुसऱ्यांनी कापून काढू म्हटलं, तिसऱ्यांनी हातच लावू नका असं बजावलं. त्याच बाजूची दुधाची दाढ हलतेय, पण दाताच्या डॉक्टरांनी ती काढायला नकार दिला. सासूबाई म्हणतात, पोटुशी असताना ग्रहणात भाजी चिरली म्हणून हे झालं. तुम्हाला कळायला हवंय ते हे: कॅन्सर आहे का, कापायचं का, दाढेचं काय करायचं, तालीम बंद करायची का आणि पुण्या-मुंबईला जावं लागेल का.

मी तोंड, जबडा आणि चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया करतो. आजरा, चंदगड, राधानगरीपासून शिरोळपर्यंतची माणसं अशा गाठी घेऊन कोल्हापुरात येतात. पोरीला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय शेवटचं निदान देता येत नाही. पण तुम्ही जे वर्णन केलंय ते इतकं नेमकं आहे की बरंच काही सांगता येईल.

आधी मनावरचं ओझं उतरवा. जन्मापासून असलेली, दाबली की दबणारी, वाकल्यावर फुगणारी निळी गाठ बहुतेक वेळा शिरांच्या घडणीतला दोष असतो. आम्ही तिला व्हीनस मालफॉर्मेशन म्हणतो. तो कॅन्सर नव्हे आणि पुढे त्याचा कॅन्सर होत नाही. ग्रहणाचा तर काहीएक संबंध नाही. गर्भात रक्तवाहिन्या तयार होत असताना त्या भागातल्या एखाद्या पेशीत जनुकीय बदल होतो. शिरांच्या अशा गाठींमध्ये बऱ्याचदा ‘टीईके’ नावाच्या जनुकातला बदल सापडतो, काहींत ‘पीआयके३सीए’मधला. त्या पेशीपासून वाढलेल्या शिरांच्या भिंतींना पुरेसा स्नायू मिळत नाही, म्हणून त्या पातळ राहतात आणि पिशव्यांसारख्या ताणल्या जातात. घराण्यात चालत येणारे प्रकार आहेत, पण थोडे. तुम्ही काय खाल्लं, काय चिरलं, कुठे बाहेर पडलात याने यातलं काही घडत नाही. सासूबाईंना हे माझ्या नावावर सांगा. ही अढी बाईच्या मनात वर्षानुवर्षं राहते आणि मूल दवाखान्यात यायला त्यापायी उशीर होतो.

आता तीन डॉक्टरांच्या तीन सल्ल्यांकडे येऊ. हा गोंधळ जुना आहे. पूर्वी रक्तवाहिन्यांच्या प्रत्येक गाठीला सरसकट हिमँजिओमाच म्हणत. १९८२ साली बोस्टनमधल्या जॉन मलिकन आणि ज्युली ग्लोवॅकी यांनी पेशींचा अभ्यास करून दोन घरं वेगळी केली. एका घरात पेशी खरोखर वाढतात, त्यांची संख्या वाढते, तो हिमँजिओमा. दुसऱ्या घरात पेशी वाढत नाहीत, वाहिन्यांची बांधणीच चुकलेली असते, ते मालफॉर्मेशन. आज जगभर जे वर्गीकरण वापरतात ते याच पायावर उभं आहे. दोन्ही घरांचे उपचार वेगळे आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

बाळाचा हिमँजिओमा जन्माच्या वेळी बहुधा नसतो, किंवा फिकट ठिपक्याएवढा असतो. पहिल्या काही आठवड्यांत तो दिसू लागतो, मग झपाट्याने वाढतो आणि बहुतेक वाढ पाच महिन्यांच्या आत होऊन जाते. पुढे तो आपणहून ओसरू लागतो आणि साधारण चार वर्षांपर्यंत जेवढा जायचा तेवढा गेलेला असतो. तुमच्या मुलीची गाठ जन्मापासून आहे, तिच्याबरोबर वाढली आणि नवव्या वर्षी ओसरण्याऐवजी ठळक होतेय. हा हिमँजिओमाचा स्वभावच नव्हे. म्हणून त्या गोळ्या, बहुधा प्रोप्रॅनोलॉल असणार, तिला उपयोगाच्या नाहीत.

त्याच गोळ्या योग्य बाळाला मात्र वरदान ठरतात. फ्रान्सच्या बोर्दो शहरात क्रिस्टीन लिओते-लाब्रेझ यांनी एका बाळाला हृदयाच्या तक्रारीसाठी प्रोप्रॅनोलॉल दिलं आणि त्याच्या नाकावरचा हिमँजिओमा निवळू लागलेला दिसला; २००८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. तेव्हापासून उपचारच पालटला. दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे २ ते ३ मिलिग्रॅम, दोन डोसांत, किमान सहा महिने. बाळ उपाशी असताना हे औषध द्यायचं नाही, कारण साखर उतरते; उलट्या-जुलाब सुरू झाले, दूध सुटलं, तर तेवढ्यापुरतं थांबवायचं आणि डॉक्टरांना विचारायचं. तान्ह्या बाळाच्या हनुवटीवर, खालच्या ओठावर, जबड्याच्या कडेला, म्हणजे दाढी येते त्या जागी, पसरलेला लाल हिमँजिओमा असेल आणि श्वासाला घरघर असेल तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. तशीच गाठ श्वासनलिकेतही असू शकते. ‘आपोआप जाईल’ म्हणून डोळ्याच्या पापणीवरच्या किंवा ओठावर चिघळणाऱ्या हिमँजिओमाची वाट बघत बसणंही चूक. औषधाचा खरा लाभ पहिल्या काही महिन्यांतच होतो.

तुमच्या मुलीकडे परत येतो. गाठ तपासायची म्हणजे काय करायचं ते सांगतो, म्हणजे डॉक्टर नीट बघतायत का हे तुम्हालाही कळेल.

पहिलं, हात. बोटांची पाठ गाठीवर ठेवून ती आजूबाजूच्या कातडीपेक्षा गरम लागते का ते बघायचं. मग बोटाची टोकं हलकेच टेकवून थांबायचं, आत नाडीसारखं उडतंय का, मांजराच्या गुरगुरण्यासारखी थरथर जाणवते का. मग स्टेथोस्कोप लावून सुसाट आवाज येतो का ऐकायचं. शिरांच्या गाठीत यातलं काहीच नसतं. ती थंड, मुकी, लोण्यासारखी मऊ. दाबली की रिकामी होते, बोट काढलं की सावकाश भरते. मग मुलीला खुर्चीतच पुढे वाकवून डोकं गुडघ्यांपर्यंत खाली न्यायला सांगायचं आणि मनात दहा-पंधरा आकडे मोजायचे. मान वर केली की ओठ टम्म फुगलेला आणि रंग जांभळ्याकडे गेलेला दिसतो. ओठाच्या आतल्या बाजूवर काचेची स्वच्छ पट्टी हलकेच दाबली तर काचेखाली निळा रंग उतरतो आणि ओठाचा मूळ गुलाबी दिसतो. शेवटी गाल दोन बोटांत, एक तोंडात आणि एक बाहेर, धरून चाचपायचा. तुम्ही म्हणताय ती टणक मसूर इथे सापडते. शिरांतलं रक्त साकळून हळूहळू त्यात चुना बसतो आणि असे गोल खडे होतात; त्यांना फ्लेबोलिथ म्हणतात. ते असले की शिरांच्या गाठीचं निदान जवळजवळ पक्कं होतं. नवीन गुठळी झाली की काही दिवस दुखतं, सूज येते. शेकणं आणि डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक पुरतं. त्याला जंतुसंसर्ग समजून प्रत्येक वेळी अँटिबायोटिक घ्यायची गरज नसते.

दुसरं, सोनोग्राफी, पण डॉपलरची. नुसती गाठ दिसून भागत नाही, आतल्या रक्ताचा वेग कळायला हवा. सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर ‘कमी प्रवाह की जास्त प्रवाह’ असा स्पष्ट प्रश्न लिहून द्या म्हणून डॉक्टरांना सांगा. पुढचं सगळं या एका उत्तरावर ठरतं. त्यानंतर एमआरआय. गाठ किती खोल गेलीय, गालाच्या स्नायूत शिरलीय का, जिभेकडे किंवा घशाकडे सरकलीय का, जबड्याच्या हाडात काही आहे का, हे त्याच्याशिवाय कळत नाही. बाहेर दिसतं ते बऱ्याचदा टोक असतं. नऊ वर्षांची मुलगी समजावून सांगितलं तर भुलेशिवायही एमआरआयला निजून राहू शकते. आधी तिला तो धडधडणारा आवाज मोबाइलवर ऐकवून ठेवा. गाठ बरीच मोठी असेल तर रक्तात डी-डायमर आणि फायब्रिनोजेन तपासतात, कारण अशा गाठीत रक्त सतत गोठत-विरघळत असतं आणि शस्त्रक्रियेच्या वेळी त्यामुळे रक्तस्राव वाढू शकतो.

बायोप्सी इथे सहसा लागत नाही. ‘तुकडा काढून बघू’ असं कोणी प्रवाह न तपासता म्हणालं तर थांबा.

का थांबायचं ते सांगण्यासाठी मला तुमच्या मुलीच्या आजारापेक्षा वेगळ्या, जास्त प्रवाहाच्या गाठीबद्दल बोलावं लागेल. तिसऱ्या डॉक्टरांचा ‘हात लावू नका’ आणि दंतवैद्यांचा नकार, दोन्ही त्या भीतीपोटी आले असणार आणि ती भीती रास्त आहे.

धमनीतून रक्त जोराने येतं. मग ते केसाएवढ्या बारीक वाहिन्यांच्या जाळ्यातून झिरपत जातं, तिथे त्याचा जोर मोडतो आणि शिरेत ते संथपणे उतरतं. आपल्या पंचगंगेवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे तुम्ही बघितलेत. बरगे घातलेले असतात तोवर पाणी अडतं, बरगे काढले की खाली लोंढा. एव्हीएम, म्हणजे धमनी आणि शीर थेट जोडली गेलेली गाठ, ही बरगेच नसलेल्या बंधाऱ्यासारखी असते. धमनीचा सगळा दाब सरळ शिरेत. चेहऱ्यावर ती आधी नुसता लालसर, कोमट चट्टा म्हणून वर्षानुवर्षं गप्प बसते. मग वयात येताना, बाळंतपणात, मार लागल्यावर किंवा अर्धवट शस्त्रक्रियेनंतर अचानक जागी होते. फुगते, उडू लागते. पुढे कातडी चिघळते, रक्त येतं. अगदी शेवटी हृदयावर ताण पडतो. या चार पायऱ्यांना शोबिंगरच्या पायऱ्या म्हणतात आणि उपचार कधी करायचे हे त्यावरून ठरवतात.

ही गाठ जबड्याच्या हाडात असली तर बाहेरून काहीच दिसत नाही. खुणा अशा असतात: एखादा दात वयाच्या आधी हलायला लागतो, हिरडीच्या कडेने विनाकारण, ब्रश न लावताही, रक्त झिरपतं, दात बोटाने खाली दाबला तर आत जातो आणि सोडला की परत वर येतो, ओठाला बधिरपणा येतो, रात्री उशीवर कान टेकला की धडधड ऐकू येते. जबड्याच्या एक्स-रेमध्ये, ओपीजीत, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पोकळी किंवा हाडातल्या नसेचा, म्हणजे मज्जातंतूचा, रुंदावलेला मार्ग दिसू शकतो. असा दात नेहमीसारखा काढला तर खाचेतून रक्ताची धार उडते आणि माणूस त्यात जाऊ शकतो. म्हणून जबड्यातल्या कुठल्याही अनोळखी पोकळीची बायोप्सी करण्याआधी जाड सुई घालून ओढून बघायचं असतं. लालभडक रक्त जोराने आपणहून सिरिंजमध्ये चढलं, तर सुई काढून दाब द्यायचा, काम तिथेच थांबवायचं आणि अँजिओग्राफी करायची.

गावोगावच्या माझ्या दंतवैद्य मित्रांसाठी एवढं नक्की लिहून ठेवतो. दात काढल्यावर अशी धार सुटलीच, तर खाचेत बघत बसू नका, सक्शन लावून रक्त कुठून येतंय ते शोधत बसू नका. काढलेला तोच दात लगेच खाचेत परत बसवा, वर गॉज ठेवून पेशंटला घट्ट चावायला लावा किंवा अंगठ्याने दाबून धरा. पेशंट बसलेला, किंचित पुढे झुकलेला ठेवा म्हणजे रक्त घशात जाणार नाही. शीर सापडते तोवर सलाइन लावा, १०८ ला फोन करा आणि रुग्णालयाला आधी कळवा. बोट काढून ‘थांबलं का’ बघण्याचा मोह आवरा. तो दात त्या क्षणी सगळ्यात चांगलं बूच असतो.

एव्हीएमच्या उपचारात आणखी एक धोक्याची वाट आहे: मानेतली धमनी बांधून टाकणं. वरवर पटतं, पाणी वरच तोडलं. पण गाठीचा मधला गाभा तसाच राहतो आणि तो आजूबाजूच्या, विरुद्ध बाजूच्या, अगदी डोक्याच्या आतल्या धमन्यांतून नव्या वाटा काढतो. शिवाय पुढे कॅथेटर, म्हणजे उपचाराची बारीक नळी, न्यायचा राजमार्ग आपणच बुजवलेला असतो. नीट पद्धत अशी की मांडीतल्या धमनीतून बारीक नळी गाभ्यापर्यंत नेऊन तो गोंदासारख्या द्रव्याने आतून भरायचा आणि एक ते तीन दिवसांत, नवे रस्ते फुटायच्या आत, गाठ पूर्ण काढायची. अर्धी काढलेली गाठ पुन्हा वाढते आणि पूर्वीपेक्षा आडमुठी होते. हे काम इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (वाहिनीतून नळी नेऊन उपचार करणारे डॉक्टर), सर्जन आणि भूलतज्ज्ञ एकत्र बसून करतात तिथेच व्हावं. जास्त प्रवाहाचं निदान झालं तर पुणे-मुंबईचा प्रवास करायला मी स्वतः सांगेन.

तुमच्या मुलीत उडणं, गरमपणा, आवाज यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही. मग दाढेचं काय? नवव्या-दहाव्या वर्षी दुधाची दाढ हलणं हे वयाला धरूनच आहे. दंतवैद्यांनी नकार दिला त्याचा राग धरू नका. त्यांनी शहाणपणा केला. आधी ओपीजी काढा. हाड स्वच्छ असेल, खालून पक्का दात वर येताना दिसत असेल, डॉपलरमध्ये प्रवाह कमी असेल आणि दाढेभोवतीची हिरडी गुलाबी असेल, तर ती दाढ आपली आपण पडू द्या. काढावीच लागली तर रुग्णालयात काढायची. भुलेची सुई निळ्या भागातून घालायची नाही, दाताच्या मुळालगत थोडीशी द्यायची. खाचेत रक्त थांबवणारा स्पंज आणि टाका. नंतर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या रक्त थांबवणाऱ्या औषधात भिजवलेला गॉज चावायला द्यायचा. हाडात किंवा हिरडीत गाठ शिरलेली असली तर आधी गाठीचा उपचार, मग दात. तोवर त्या बाजूला कीड लागू देऊ नका. मऊ ब्रश, रात्री घासल्यावर काही खायचं नाही, आणि मिश्री तिच्या हाताला लागेल अशी घरात ठेवू नका.

आता कापायचं का? सुरुवातीला तरी नाही. शिरांची गाठ स्नायूंच्या धाग्यांत, ओठाच्या मज्जातंतूंत विणलेली असते. ती मुळासकट काढायला गेलं तर ओठाचा आकार आणि हसू दोन्ही जायची भीती, आणि थोडी राहिली तर शेजारच्या शिरा फुगून ती परत दिसू लागते. माझी पहिली पसंती स्क्लेरोथेरपीला, म्हणजे गाठीत इंजेक्शन देऊन शिरा आतून चिकटवण्याला.

ती कशी होते ते सांगतो. मुलांत पूर्ण भूल. सोनोग्राफीवर बघत बारीक सुई गाठीच्या पोकळीत न्यायची. सुईतून काळसर रक्त आपोआप सावकाश परत आलं की जागा बरोबर. मग थोडं रंगद्रव्य सोडून एक्स-रेच्या पडद्यावर बघायचं, ते गाठीतच थांबतंय की डोळ्याकडे जाणाऱ्या शिरेत निसटतंय. चेहऱ्याच्या शिरा डोळ्यामागून मेंदूच्या शिरांना मिळतात, म्हणून ही पायरी गाळायची नाही. सगळं ठीक असलं की औषध तयार करायचं. सोडियम टेट्राडेसिल सल्फेट असेल तर दोन सिरिंज तीन तोंडांच्या स्टॉपकॉकला जोडून एक भाग औषध आणि चार भाग हवा इकडून तिकडे वीसेक वेळा ढकलायची. दाढीच्या साबणासारखा पांढरा घट्ट फेस होतो. हा फेस रक्त बाजूला सारून शिरेच्या अस्तराला भिडतो, म्हणून औषध थोडं लागतं. सोनोग्राफीत तो पांढऱ्या ढगासारखा पसरताना दिसतो. निचऱ्याची शीर बोटाने दाबून ठेवायची आणि फेस कडेपर्यंत पोचला की थांबायचं.

दुसरं औषध ब्लिओमायसिन. त्याने सूज कमी येते, म्हणून जीभ, घसा, डोळ्याभोवतीच्या गाठींसाठी ते सोयीचं. मात्र त्याचा आयुष्यभराचा एकूण डोस मर्यादित ठेवावा लागतो, कारण जास्त झालं तर फुप्फुसं कडक होतात. प्रत्येक वेळी किती दिलं ते डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या आणि सगळी कार्डं एका फाइलीत ठेवा. आणखी एक बारीक गोष्ट: या इंजेक्शनाच्या वेळी आणि नंतरचे काही दिवस अंगावर चिकटपट्टी ओढून काढली, खाजवलं, तर तिथे काळे पट्टे उठतात. भूलतज्ज्ञांना आणि नर्सना आधी सांगावं लागतं. शुद्ध अल्कोहोल सगळ्यात जहाल. शिरा घट्ट बंद होतात पण मज्जातंतू दुखावू शकतो, कातडी जळू शकते, हृदयावर परिणाम होऊ शकतो. गालात चेहऱ्याचा मज्जातंतू जातो, तिथे मी ते टाळतो.

नंतर पहिले दोन-तीन दिवस सूज वाढते. ओठ आधीपेक्षा मोठा दिसतो आणि घरचे घाबरतात. ती एक-दोन आठवड्यांत उतरते, मग गाठ टणक लागते आणि पुढे आक्रसत जाते. काही दिवस मऊ, कोमट जेवण: भाताची पेज, मऊ खिचडी, दूध, तांबडा रस्सा आणि ठेचा नंतर. उशी उंच ठेवायची. लघवी गडद लाल झाली, ओठ पांढरा पडून काळवंडू लागला, किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर लगेच रुग्णालयात. दोन इंजेक्शनांमध्ये साधारण सहा ते आठ आठवडे जाऊ देतात आणि एकाहून जास्त वेळा यावं लागतं, हे धरूनच चाला. अगदी नाहीशी होण्यापेक्षा ती लहान होणं, दुखणं थांबणं, दोन्ही बाजू सारख्या दिसणं, हे खरं उद्दिष्ट. त्यानंतर ओठ जाडच राहिला तर आतल्या बाजूने थोडा भाग काढून आकार नीट करता येतो आणि तेव्हा रक्तही कमी जातं. दुसऱ्या डॉक्टरांनी कापायचं म्हटलं ते मुळात चूक नाही, क्रम बदलायचा.

इतर गाठींबद्दल थोडंच, कारण वाचणाऱ्यांत तशा मुलांचेही पालक असतील. चेहऱ्याच्या एका बाजूला जन्मापासून सपाट, द्राक्षाच्या रंगाचा लाल चट्टा असेल तर ती केशवाहिन्यांची घडण. तो पुसट होत नाही, वयाबरोबर गडद आणि जाड होतो. पल्स्ड डाय लेझर लवकर सुरू केला तर रंग बराच उतरतो. चट्टा कपाळावर किंवा वरच्या पापणीवर असला तर मात्र कातडीपाशी थांबू नका. डोळ्याचा दाब तपासून घ्या आणि फिट येतात का यावर लक्ष ठेवा. स्टर्ज-वेबर नावाच्या आजारात मेंदूचं आवरण आणि डोळा दोन्ही गुंतलेले असतात. २०१३ साली त्याचं कारणही सापडलं, ‘जीएनएक्यू’ या जनुकात गर्भावस्थेत झालेला बदल.

जिभेवर साबुदाण्यासारखे पारदर्शक, काही काळे-लाल फोड, आणि सर्दी झाली की जीभ अचानक सुजून तोंडात मावेनाशी होते, अशी तक्रार असली तर ती लसिकावाहिन्यांची गाठ. त्यांना दाताची स्वच्छता हा अर्धा उपचार, कारण प्रत्येक संसर्गात ती फुगते. मोठ्या पिशव्यांना डॉक्सिसायक्लिन किंवा ब्लिओमायसिनची इंजेक्शनं छान लागू पडतात. बारीक जाळीदार प्रकार चिवट. त्यात सिरोलिमस नावाचं तोंडाने घ्यायचं औषध आता उपयोगी ठरतंय, रक्तातली पातळी तपासत आणि संसर्गावर डोळा ठेवून. गरोदरपणात हिरडीवर येणारी लाल, पटकन रक्त येणारी गाठ किंवा म्हाताऱ्या माणसांच्या ओठावरचा निळा ठिपका हे वेगळेच, साधे प्रकार. एकदा दाखवून घेतले की पुरे.

डागणं, बिब्बा घालणं, सुईने टोचून ‘घाण रक्त’ काढणं, यातलं काहीही करू नका. गालावर डागण्या दिलेली मुलं माझ्याकडे येतात. गाठ आत तशीच असते आणि वर जन्माचा व्रण.

तालमीचं विचारलंत. जोर मारताना, श्वास कोंडून डाव लावताना गाठ फुगते ती तेवढ्यापुरती, त्याने आजार वाढत नाही. धोका आहे तो डोकं किंवा कोपर ओठावर बसून तो दातांवर फाटण्याचा. म्हणून निदान पक्कं होईपर्यंत लढत बंद, धावणं-बैठका चालू. इंजेक्शनांच्या काळात काही आठवडे पूर्ण विश्रांती. नंतर दंतवैद्यांकडून तिच्या दातांच्या मापाचा माऊथगार्ड करून घ्या आणि वस्तादांना स्वतः भेटून सांगा. रक्त आलंच तर स्वच्छ फडकं ओठाच्या आत-बाहेर धरून दोन बोटांत सलग दहा मिनिटं दाबायचं. शिरांच्या गाठीचं रक्त दाबाने थांबतं. ती वयात येईल तेव्हा गाठ पुन्हा थोडी वाढू शकते, तेव्हा तपासणी चुकवू नका. पुढे तिचं लग्न होऊन दिवस गेले की त्या डॉक्टरांनाही हे सांगायचं.

पुण्या-मुंबईचं म्हणाल तर निदानाची सुरुवात इथेच होते. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात, केसपेपर काढा, बालरोग आणि दंत विभागाला दाखवा; डॉपलर आणि ओपीजीसाठी कोल्हापूर सोडायचं कारण नाही. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक येतं, त्यांच्याकडून संदर्भचिठ्ठी मिळते का बघा. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यातला कोणता उपचार बसतो ते दाखल होण्याआधी विचारून घ्या. कमी प्रवाहाची, गाला-ओठापुरती गाठ असेल तर इंजेक्शनंही सोनोग्राफीवर बघून देणारे हात असतील तिथे, घराजवळ होतील. एमआरआयमध्ये ती जिभेच्या मुळाशी किंवा घशात उतरलेली दिसली तर जिथे मुलांचा अतिदक्षता विभाग आणि श्वासनळीत नळी घालायची सोय आहे तिथेच जायचं, कारण सूज रात्री वाढते.

येताना तिचे बारशापासूनचे फोटो आणा, जन्माच्या वेळचा असेल तर नक्की. एक फोटो आत्ता उभं राहून काढा आणि एक पंधरा सेकंद वाकून उठल्यावर लगेच. आणि एका रात्री ती पाठीवर झोपलेली असताना शेजारी बसून ऐका: घोरते का, श्वास अडून दचकते का. तसं असेल तर एमआरआयची तारीख लांब देऊ नका असं माझ्या या उत्तराचा आधार घेऊन रुग्णालयातल्या डॉक्टरांना सांगा.